तापलेला बोर्ड आणि कापलेला भत्ता



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो महागाईवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. मी आज डाख लावण्याच्या कामावर बोलणार आहे. भत्त्याचा प्रश्न त्यातूनच पुढे येईल.

कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो आणि मग कथील फिरवतो. नवसागराने धातूवरचा मळ सुटतो, म्हणून कथील धरते. इलेक्ट्रॉनिक कारखान्यातले तत्त्व हेच. सर्किट बोर्ड म्हणजे काचेच्या धाग्याचे कापड आणि राळ यांचे थर, व त्यांवर तांब्याच्या रेघा. या बोर्डावर डाखाची पेस्ट छापतात. मळ काढणारे द्रव्य तिच्यातच मिसळलेले असते. त्यावर यंत्र एकेक भाग ठेवते आणि बोर्ड भट्टीत सरकतो. पेस्टचा थर असतो मिलिमीटरचा दहावा हिस्सा, किंवा थोडा अधिक. तेव्हा बोर्ड सपाट राहिला पाहिजे हे उघड आहे.

तो राहत नाही. कथील-शिशाचा जुना डाख १८३ अंशांवर वितळे. शिसे विषारी, म्हणून युरोपने १ जुलै २००६ पासून बहुतेक विद्युत उपकरणांत त्याला बंदी केली. त्या बंदीविरुद्ध मी अक्षर बोलणार नाही. परंतु त्याच्या जागी आलेला कथील, चांदी व तांबे यांचा डाख २१७ अंशांच्या सुमारास वितळू लागतो, आणि भट्टी २४० अंशांच्या आसपास न्यावी लागते. साध्या प्रतीच्या बोर्डातली राळ तर १३०-१४० अंशांवरच नरम पडते! त्यातून एका बाजूला तांबे दाट आणि दुसरीकडे विरळ असेल, तर दोन्ही अंगे सारखी फुगत नाहीत आणि बोर्ड तव्यावरच्या पापडासारखा बाक घेतो. निवला की बराचसा पुन्हा सरळ होतो.

खरी गोम इथे आहे. मोठ्या चिपच्या पोटाखाली डाखाचे शेकडो बारीक गोळे असतात. बोर्ड वाकला, चिपही वाकली, की काही गोळे पेस्टपासून सुटतात. अधांतरी वितळलेल्या गोळ्यावर मळाची साय धरते. निवताना तो खाली येऊन पेस्टवर टेकतो, पण एकजीव होत नाही. उशीवर डोके टेकावे तसा नुसता टेकतो. कारखान्यात या दोषाला ‘हेड इन पिलो’ असेच म्हणतात. तपासणीत वीज वाहते, बोर्ड पास होतो, आणि काही महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या घरी यंत्र बंद पडते.

मग धरायचे कोणाला? एका कारखान्यात (नाव घेत नाही) परत आलेल्या बोर्डामागे लाईनवरच्या मुलींचा उत्पादन-भत्ता कापला जाई. शेरा ठरलेला : ‘काम निष्काळजीपणाचे.’ वास्तविक बोर्डाचा आराखडा त्यांनी काढला नव्हता, तांबे कुठे दाट ठेवायचे ते त्यांना कोणी विचारले नव्हते, भट्टीचा आकडाही त्यांच्या हाती नव्हता. आम्ही म्हटले, बोर्ड मोजा. व्यवस्थापनाने सपाट फरशीवर बोर्ड ठेवून फटीत फीलर गेज घातला. असे भाग बसवण्याच्या बोर्डाला धंद्याच्या नियमाने लांबीच्या पाऊण टक्का बाक चालतो. २०० मिलिमीटरला दीड मिलिमीटर. बोर्ड त्यात बसला. झाले, दोष पुन्हा मुलींच्या माथी!

पण साहेबांनी मोजला तो थंड बोर्ड. ताप उतरल्यावर नाडी पाहून रोगी ठणठणीत ठरवण्यातला हा प्रकार. तापलेल्या बोर्डाचा बाक जाळीच्या सावल्यांवरून मोजण्याची रीत प्रयोगशाळांत आहे. उपायही आहेत : तांबे दोन्ही अंगांना समतोल ठेवणे, बोर्डाखाली आधाराची चौकट देणे. बिस्मथ घातलेला डाख तर १३८ अंशांवरच वितळतो. मात्र तो ठिसूळ, धक्का सोसत नाही. यातला एकही निर्णय लाईनवर होत नाही.

त्या कारखान्यात पुढे तडजोड झाली. कापणी थांबली, आणि नव्या आराखड्याचे पहिले बोर्ड भट्टीत जातात तेव्हा लाईनवरची एक प्रतिनिधी हजर असते. तापलेला बोर्ड मोजण्याची मागणी मात्र खर्चाच्या सबबीवर अजून पडून आहे.