धोका कोणाचा, हिशेब कोणाचा?

(औंध येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



1910 साली औंध संस्थानच्या मुलखात किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे घडवणाऱ्या उद्योगाची ती वसाहत. यंत्राने शेतकऱ्याचे कष्ट हलके केले, हे निर्विवाद आहे. परंतु यंत्राबरोबर धोकाही गावात आला.

माझ्या लहानपणी आमच्या गावी कडबा कापताना एका सालगड्याची दोन बोटे गेली. "त्याचेच लक्ष नव्हते," असे गाव म्हणाले. कोणी नशिबाला बोल लावला. यंत्राच्या तोंडाशी संरक्षक आडोसा का नव्हता, असे मात्र कोणीच विचारले नाही.

पुढे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले की धोक्याच्या कामाला जादा मजुरी मिळते आणि कामगार समजूनउमजून तो धोका पत्करतो. ज्या अ‍ॅडम स्मिथच्या 1776 च्या ग्रंथात या विचाराचे मूळ आहे, त्याच ग्रंथात तो हेही सांगतो की, बहुतेक माणसे हानीचा संभव कमी लेखतात. आपल्या अनुभवाला हे पटते. अपघाताविना गेलेला प्रत्येक दिवस कामगाराला खोटा धीर देतो.

मात्र हा केवळ मनाचा दोष नव्हे. अमेरिकन अभियंता चॉन्सी स्टार याने 1969 साली दाखवून दिले की, लादलेल्या धोक्यापेक्षा स्वेच्छेने पत्करलेला कितीतरी मोठा धोका माणसे सहन करतात. मग प्रश्न स्वेच्छेचा उरतो. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातून उचल घेऊन ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याची स्वेच्छा ती कोणती? मजुरी टनावर आणि खाडा झाला तर दंड. अशा वेळी तापाने फणफणलेला माणूसही कोयता हाती घेतो. कारखान्यात नगावर मजुरी मिळवणारा कामगार वेग वाढावा म्हणून आडोसा स्वतःच काढून ठेवतो. त्याला बेफिकीर म्हणणे सोपे आहे. त्याचा दर ठरवणाऱ्याला जाब विचारणे अवघड आहे.

भोपाळच्या 1984 च्या संहारानंतर, 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. घातक प्रक्रियेतील कामगारांना धोक्याची माहिती मिळवण्याचा व समोर दिसणाऱ्या संकटाची सूचना देण्याचा हक्क मिळाला. परंतु 2020 च्या संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या 10 वरून 20 वर नेली. आडोसे जेथे सर्वांत कमी, ती लहान वर्कशॉपे त्यामुळे कारखान्याच्या व्याख्येबाहेर पडतात.

1939 साली याच औंधात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कारभार ग्रामपंचायतींच्या हाती सोपवला. आपले हित आपल्याला कळते, हा विश्वास त्यामागे होता. तोच विश्वास यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसावर का नसावा? धोक्याच्या जागांची यादी कामगारांनीच करावी, संघटनेने ती मालकापुढे ठेवावी, आणि धोका दिसताच मजुरी न बुडता यंत्र थांबवण्याचा हक्क मागावा. 'सुरक्षा प्रथम' ही पाटी भिंतीवर पुष्कळ वर्षे टांगलेली आहे. ती खरी करण्याचे काम आपले आहे.