फ्लोचे दोन हात आणि चार टेबलं

आज बोलूया 'डायनर डॅश'वर. हा गेम २००४ साली कॉम्प्युटरवर आला, न्यूयॉर्कच्या गेमलॅबने तो बनवला. हल्ली फोनवर हॉटेल चालवायचे जे ढीगभर गेम्स दिसतात, त्यातले बरेचसे याच वळणाचे आहेत.

गोष्ट एवढीशीच. फ्लो नावाची मुलगी शेअर बाजारातली नोकरी सोडते आणि हॉटेल काढते. आलेल्या लोकांना टेबलावर बसवायचं, ऑर्डर घ्यायची, चिठ्ठी किचनला द्यायची, जेवण नेऊन द्यायचं, बिल घ्यायचं, भांडी उचलायची. हातात एका वेळी दोनच वस्तू मावतात. उशीर झाला की गिऱ्हाइकाची हार्ट्स कमी होतात, संपली की ते उठून चालू पडतं.

नवीन माणसाला वाटतं, बोटं पटापट चालवली की झालं. तसं नाहीये. खरी मजा चेनमध्ये आहे. एकच काम लागोपाठ केलं, म्हणजे तीन टेबलांच्या ऑर्डर्स सलग घेतल्या, की प्रत्येक वेळी बोनस वाढतो. मध्येच एक ताट नेऊन दिलंत तर चेन तुटली. म्हणून मुरलेला खेळाडू काय करतो? तयार ताट काउंटरवर तसंच ठेवतो, पहिल्या टेबलाला मुद्दाम थांबवतो आणि दुसऱ्याला जेवायची हाक मारायची वाट बघतो.

आम्ही कोड लिहिणारे याला बॅचिंग म्हणतो. डेटाबेसमध्ये शंभर नोंदी एकेक करून टाकण्यापेक्षा एकदम टाकल्या तर एकूण काम लवकर उरकतं. पण पहिल्या नोंदीला शंभराव्या नोंदीसाठी ताटकळावं लागतं. गेममध्ये ही किंमत तुमच्या डोळ्यांसमोर असते, हार्ट जाताना दिसतं. ऑफिसात दिसत नाही. सपोर्टची तिकिटं शुक्रवारी संध्याकाळी एकगठ्ठा बंद केली की आकडा झकास येतो. सोमवारी तक्रार केलेल्या माणसाची हार्ट्स मंगळवारीच संपलेली असतात, पण ती मोजतंय कोण?

आणि थांबवायचं कुणाला, हेही बघावं लागतं. म्हातारी माणसं निवांत बसतात. सूटबूटवाला बिझनेसमन लगेच वैतागतो. कपड्यांच्या रंगाची खुर्ची दिली तर वेगळे पॉइंट्स, पण त्या नादात दारातली रांग वाढते. (मी रंगाच्या मागे फार लागत नाही. ते जिंकणाऱ्यांचे चोचले.)

आता एक प्रसंग घ्या. दोन टेबलं बिलासाठी थांबलीत, तिसऱ्याचं जेवण तयार आहे, दारात नवीन लोक उभे आहेत. मी आधी दोन्ही बिलं सलग घेतो, मग दोन्हीकडची भांडी सलग उचलतो. दोन चेन झाल्या, दोन टेबलं मोकळी. पण तिसऱ्या टेबलावर बिझनेसमन असेल आणि एकच हार्ट उरलं असेल, तर चेन गेली खड्ड्यात, आधी त्याचं ताट.