कन्नडचा घाट आणि लाचिनचा रस्ता

(जळगाव व धुळे येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जळगावहून अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेला प्रवासी आज फर्दापूरला चहापुरता थांबतो आणि पुढे जातो. १९४८ सालापर्यंत हाच प्रवासी फर्दापूरला पोचताना एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात शिरत असे. अलीकडे मुंबई इलाख्यातील पूर्व खानदेश जिल्हा, पलीकडे निजामाचे संस्थान. खानदेशातील जुन्या मंडळींच्या तोंडी त्या मुलखाचे नाव एकच, ‘मोगलाई’. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढला की मोगलाई, पाचोऱ्याकडून सोयगावकडे वळले की मोगलाई. सोयरिकी दोन्हीकडे, बाजारहाट दोन्हीकडे. मात्र कायदा, नाणे आणि राजा वेगळा.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी घाटाच्या पायथ्याशी तिरंगा चढला. घाटमाथ्यावर तो चढवणे हा गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला लढा पुकारला होता आणि स्वामीजींना कारावास पत्करावा लागला. संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६० लाख. त्यातील ८० टक्क्यांहून अधिक प्रजा हिंदू, आणि सत्ता मात्र एका घराण्याची. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी ‘जैसे थे’ करार झाला. करार कागदावर राहिला. लातूरच्या कासीम रझवीने रझाकारांचे दल वाढवत नेले. गावे लुटली गेली, जाळली गेली, स्त्रियांची विटंबना झाली. बीदर जिल्ह्यातील गोरट्याचे हत्याकांड मे १९४८ मधील. निजामाच्या धोरणावर लिहिणारे ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात हत्या झाली. ते स्वतः मुसलमान होते, हे विसरून चालणार नाही. रझाकारी ही एका धर्माच्या सर्व माणसांची करणी नव्हती. ती सत्तेसाठी उभारलेली टोळी होती आणि तिला विरोध करणारा कोणीही तिचा शत्रू होता.

सीमेलगतच्या गावांतून माणसे बाहेर पडू लागली. कोणी सोलापूर गाठले, कोणी नगर, कोणी वऱ्हाड, तर कोणी घाट उतरून खानदेश. संस्थानच्या सीमेवर ठिकठिकाणी लढ्याची शिबिरे उभी राहिली. मनमाड हे त्यातील मोठे केंद्र.

आता प्रश्न असा की, या सगळ्याचा आवाज जगाला कसा ऐकू गेला? येथेच इतिहासाची एक विलक्षण गंमत दिसते. जगाच्या कानावर प्रथम गेला तो शब्द ‘रझाकार’ नव्हता. तो होता ‘नाकेबंदी’. संस्थानला चहूबाजूंनी भारताचा वेढा होता, समुद्रकिनारा नव्हता. भारताने शस्त्रास्त्रे अडवली. अन्नधान्य आणि औषधे अडवलेली नाहीत, ही भारत सरकारची भूमिका होती. प्रत्यक्षात नाक्यांवर त्याहून बरेच काही अडत होते आणि त्याची झळ सामान्य रयतेलाही बसत होती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. निजामाच्या वकिलांनी नेमके तेच उचलले. दुसरीकडे सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने संस्थानात शस्त्रे उतरवत होता. लंडनच्या संसदेत चर्चिल यांनी निजामाची कड घेतली. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नोंदवली.

१३ सप्टेंबरला भारतीय सेना संस्थानात शिरली. मुख्य फौज सोलापूरकडून गेली. चाळीसगावकडून निघालेल्या तुकडीने कन्नड आणि दौलताबाद ताब्यात घेतले, बुलढाण्याकडील तुकडीने जालना. ही कारवाई चालू असतानाच १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद बसली. विषय चर्चेला घ्यावा की नाही, यावर मतदान झाले. आठ राष्ट्रे बाजूने, विरोधात कोणी नाही, आणि चीन, सोव्हिएत रशिया व युक्रेन तटस्थ. संस्थानचे प्रतिनिधी मोईन नवाज जंग बोलले, भारतातर्फे रामस्वामी मुदलियार बोलले. मुदलियारांच्या प्रतिपादनाचा मुख्य आधार कायद्याचा होता. हैदराबाद हे राष्ट्रच नव्हे, मग तक्रार करण्याचा अधिकार कुठला? दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला आणि २२ सप्टेंबरला त्याने तक्रारच मागे घेतली.

त्या सभागृहात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड किंवा उस्मानाबादच्या शेतकऱ्यासाठी एकही खुर्ची नव्हती. तक्रार राजाची होती, उत्तर सरकारचे होते, प्रजा दोघांच्या टाचणांत होती. जागतिक संस्थेची रचनाच तशी आहे. ती राष्ट्रांनी राष्ट्रांसाठी उभारलेली आहे, आणि ज्याच्यावर अत्याचार होतो तो बहुधा राष्ट्र नसतो.

या कथेचे पुढचे पान कोणाला आवडणारे नाही. पण ते वाचावेच लागते. शरणागतीनंतरच्या आठवड्यांत संस्थानातील मुस्लिम वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. त्यांच्या चौकशीसाठी पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मंडळ पाठवले. त्याचा अंदाज २७ ते ४० हजार बळींचा होता. उस्मानाबाद आणि नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांपैकी दोन. अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. मे १९४९ मध्ये पाकिस्तानने सुरक्षा परिषदेत हैदराबादचा विषय पुन्हा काढला, भाषणे झाली, आणि पुढे काही नाही. विषय मात्र अनेक दशके परिषदेच्या सूचीत राहिला. रझाकारांच्या बळींसाठी जगाने काही केले नाही, नंतरच्या बळींसाठीही नाही.

हे आज सांगण्याचे कारण दूरच्या एका डोंगराळ मुलखात आहे. आर्मेनियन लोक खानदेशाला अगदीच परके नव्हेत. सुरतेत त्यांच्या व्यापाऱ्यांची वसाहत होती, तिथे त्यांच्या कबरी आजही आहेत, आणि सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा जुना व्यापारी मार्ग नंदुरबारवरूनच जात असे. मुंबईच्या फोर्ट भागातील त्यांचे चर्च १७९६ सालचे.

नागोर्नो-काराबाख, आर्मेनियन भाषेत आर्त्साख, हा प्रदेश आंतरराष्ट्रीय कायद्याने अझरबैजानचा, वस्ती आर्मेनियन. १९९० च्या दशकातील युद्धात आर्मेनियन पक्ष जिंकला आणि लाखो अझरबैजानी लोक विस्थापित झाले. त्यांचे दुःखही खरेच होते. २०२० च्या चव्वेचाळीस दिवसांच्या युद्धात पारडे फिरले. उरलेल्या आर्त्साखला आर्मेनियाशी जोडणारा एकच रस्ता राहिला, लाचिनचा. त्याची हमी रशियन शांतिसैनिकांनी घेतली होती.

१२ डिसेंबर २०२२ रोजी पर्यावरणवादी म्हणवणाऱ्या अझरबैजानी निदर्शकांनी तो रस्ता अडवला. एप्रिल २०२३ मध्ये तेथे अझरबैजानचा नाकाच बसला. जूनच्या मध्यापासून मदतीच्या गाड्याही थांबल्या. सुमारे १ लाख २० हजार माणसे. स्टेपानाकर्टमध्ये पाव कुपनावर मिळू लागला. औषध नाही, इंधन नाही.

१९४८ च्या तुलनेत जग या वेळी गप्प बसले नाही, हे कबूल केले पाहिजे. सुरक्षा परिषद २० डिसेंबर २०२२ लाच बसली. त्या महिन्यात अध्यक्षपद भारताकडे होते. ठराव झाला नाही. दुसऱ्या दिवशी यूरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अंतरिम निर्देश दिला. २२ फेब्रुवारी २०२३ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध २ मतांनी आदेश दिला की, अझरबैजानने रस्त्यावरील वाहतूक निर्वेध ठेवावी. ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे माजी सरकारी वकील लुईस मोरेनो ओकाम्पो यांनी उपासमारीने केलेला वंशसंहार असा स्पष्ट शब्द वापरला. १४ सप्टेंबरला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रतिनिधीने सिनेटच्या समितीला सांगितले की, वांशिक उच्चाटन अमेरिका खपवून घेणार नाही. पाच दिवसांनी, १९ सप्टेंबर २०२३ रोजी, हल्ला झाला. चोवीस तासांत सारे संपले. हैदराबादच्या शरणागतीला तेव्हा पंचाहत्तर वर्षे आणि दोन दिवस झाले होते.

शब्द इतके आणि कृती इतकी तोकडी, असे का? उत्तर फार गूढ नाही. जुलै २०२२ मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा बाकूला गेल्या आणि अझरबैजानचा नैसर्गिक वायू २०२७ पर्यंत दुप्पट घेण्याचा सामंजस्य करार झाला. युक्रेनच्या युद्धामुळे रशियाचा वायू नकोसा झाला होता. रशियाचे सैनिक रस्त्यावर उभे होते. परंतु त्यांच्या सरकारचे चित्त युक्रेनमध्ये गुंतले होते. न्यायालयाचा आदेश बंधनकारक असतो. पण तो बजावायला पोलीस नसतो. भारताने आर्मेनियाला पिनाका अग्निबाण विकले आहेत, ज्यांचे संशोधन पुण्यात झाले. तो करार येरेवानच्या सरकारशी होता. लाचिनच्या रस्त्यावर अडकलेल्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता.

नंतरच्या काही दिवसांत एक लाखाहून अधिक लोक त्याच लाचिनच्या रस्त्याने बाहेर पडले. जो रस्ता नऊ महिने बंद होता, तो जाण्यासाठी उघडला. वाटेत इंधनाच्या कोठाराचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे दगावली. संयुक्त राष्ट्रांचे पथक सुमारे तीस वर्षांत प्रथमच तेथे पोचले ते १ ऑक्टोबरला. तोवर पाहायला माणसेच उरली नव्हती. मागे राहिलेल्या आर्मेनियनांचा त्या पथकाचा अंदाज पन्नास ते एक हजार.

खानदेशात आणि सोलापुरात आश्रयाला आलेल्या मराठवाड्यातील कुटुंबांना परतायला गाव उरले होते. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी हेगच्या न्यायालयाने आणखी एक आदेश दिला. ज्या आर्मेनियनांना परतायचे असेल, त्यांना अझरबैजानने सुरक्षितपणे परतू द्यावे. आदेश आजही लेखी आहे. स्टेपानाकर्ट आता खानकेंदी या नावाने ओळखले जाते, आणि तिथल्या घरांत राहायला अझरबैजानी कुटुंबे आली आहेत.