एका तासाचे सव्वा लाख



संयोजकांनी मला 'संगणक आणि उद्याचे जग' असा विषय दिला होता. तो मी परत केला. पंचवीस वर्षांनी भेटतोय आणि मी तुम्हाला सर्व्हरबद्दल सांगत बसले, तर मागच्या बाकावरची मंडळी पूर्वीसारखीच खिडकीतून पसार होतील. त्यापेक्षा गोरिलांबद्दल बोलते.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या तीन मैत्रिणींबरोबर मी रवांडाला गेले होते. तिथल्या व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानात पहाडी गोरिला पाहायला परदेशी माणसाला 1500 डॉलरचा परवाना लागतो. म्हणजे सव्वा लाखाच्या वर. त्यात विमान नाही, राहणे नाही, जेवण नाही. गोरिलांसमोर उभे राहायला मिळतो फक्त 1 तास. आकडा ऐकून आमच्या घरी सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात चारधाम होऊन उरले असते." हिशेबाने त्यांचे बरोबरच होते.

2017 पर्यंत हाच परवाना 750 डॉलरला मिळायचा. तिथल्या सरकारने एका फटक्यात दर दुप्पट केला आणि त्याच वेळी उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातला आसपासच्या गावांचा वाटा 5 टक्क्यांवरून 10 टक्के केला. गोरिलांच्या एका कुटुंबाला दिवसातून एकच गट भेटतो, जास्तीत जास्त 8 माणसांचा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. सर्दी-खोकला असेल तर परत पाठवतात, कारण आपले आजार त्यांना होतात आणि साधा फ्लूही जिवावर बेतू शकतो. थोडक्यात, गर्दी वाढवून पैसा मिळवायचा नाही, गर्दी कमी ठेवून मिळवायचा.

चढ म्हणाल तर आपला परशुरामचा घाट बरा. पायथ्याशी बटाट्याची शेते आणि पायरेथ्रमची पांढरी फुले. साठच्या दशकाच्या अखेरीस याच कीटकनाशक फुलांच्या लागवडीसाठी उद्यानाचा मोठा तुकडा तोडला गेला होता. नंतर एक दगडी गडगा लागतो, तो ओलांडला की चिखल, बांबू आणि खाजकुयलीची आठवण करून देणारी झाडे. माझी पिशवी घेणारा दादा तिथल्याच गावातला. या ओझेवाल्यांत काही जण पूर्वी शिकार करायचे, असे वाटाड्याने सांगितले. गोरिलांबद्दल वर्णन करत नाही. एका पिल्लाने आईच्या पाठीवरून आमच्याकडे पाहून जांभई दिली, एवढे सांगते.

याचा उपयोग झाला का? विरुंगा डोंगररांगेत 1981 साली 254 गोरिला मोजले गेले होते. 2015-16 च्या गणनेत 604 भरले. युगांडातल्या ब्विंडीचे धरून एकूण आकडा 1063 झाला आणि 2018 मध्ये जागतिक यादीत त्यांची श्रेणी एक पायरी सुधारली. सगळे श्रेय पर्यटनाचे नाही. पहारेकरी आणि जनावरांचे डॉक्टर यांची कित्येक वर्षे त्यात आहेत. पण त्यांचे पगार कुठून तरी यावे लागतात.

मला सगळ्यात आवडली ती तिथल्या एका महागड्या लॉजची रचना. साबिन्यो सिल्व्हरबॅक लॉज 2007 मध्ये सुरू झाले. ते चालवते खासगी कंपनी, पण मालकी गावकऱ्यांच्या संस्थेची. दर मुक्कामामागे ठरलेली रक्कम संस्थेकडे जाते, त्यातून घरे आणि शाळांची कामे होतात. (आम्ही तिथे उतरलो नाही. परवान्यानंतर खिशात काही राहिलेच नव्हते.)

दुसरी बाजूही सांगायला हवी. या जंगलांत पूर्वापार राहणारे बात्वा लोक उद्यानांसाठी बाहेर काढले गेले आणि त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी आले. शिवाय सगळा डोलारा पाहुण्यांवर. आमच्या धंद्यात सगळा भार एकाच यंत्रावर टाकला, तर वरिष्ठ ओरडतात. 2020 मध्ये करोनाने ते यंत्र बंद पडले. त्याच जूनमध्ये ब्विंडीत रफिकी नावाचा कळपाचा म्होरक्या नर मारला गेला. मारणारा लहान प्राण्यांच्या शिकारीला आला होता.

आता हे सगळे इथे का सांगतेय? आपल्या वेळासलाही गोष्ट घडली आहेच. नाना फडणवीसांचे गाव म्हणून आपण सहलीला गेलो होतो ते. तिथे कासवांची अंडी उकरून नेली जायची. 2002 पासून आपल्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली, आणि आज पिल्ले पाहायला आलेले पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, मोदक-भात जेवतात. तिथे महागडे काही नाही, पण पैसा गावात राहतो.

किनाऱ्यालगत जमीन असलेल्या आपल्यापैकी काहींच्या दारात 'इको रिसॉर्ट'वाले येऊन गेल्याचे सकाळी चहाच्या वेळी कळले. जमीन देऊ नका, असे मुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मी सांगणे बरे दिसणार नाही. पण सहीपूर्वी विचारा: जमीन विकत हवी की भाड्याने? दर पाहुण्यामागे गावाला किती, आणि ते करारात लिहिणार का? कामाला माणसे कुठली, फक्त झाडलोटीला की व्यवस्थापकही? विहिरीचे पाणी कुणाचे? पर्यटक आले नाहीत त्या वर्षी काय?

जेवणाला अजून वीस मिनिटे आहेत. ज्यांच्याकडे असे कागद आले असतील त्यांनी मागच्या वर्गात या. आपल्यातले दोन वकील तिथे बसणार आहेत आणि कलमे वाचायला मीही आहे.