केसपेपरवरची एक रिकामी ओळ

(न्यासाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्यकीय कामकाजाचा अहवाल अधीक्षक डॉक्टरांनी आपल्यापुढे मांडला आहे. जमाखर्च आणि ताळेबंद छापील स्वरूपात आपल्या हाती आहेतच. तेच आकडे पुन्हा वाचून दाखवण्यात मी आपला वेळ घेणार नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधोपचारांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु विषयपत्रिकेवर सहाव्या क्रमांकाला समाजसेवा कक्षाचा विषय आहे आणि त्याचा संबंध हिशेबाशी आहे, म्हणून दोन शब्द बोलण्याची परवानगी घेतो.

या कक्षातील दोन समाजसेविकांचे वेतन आजवर एका प्रकल्प-अनुदानातून होत होते. त्या अनुदानाची मुदत येत्या ३१ मार्चला संपते आहे. पुढे हा खर्च न्यासाने आपल्या अंगावर घ्यावा की कक्ष बंद करावा, हा प्रश्न मंडळापुढे आहे. काही विश्वस्तांनी मला स्पष्टपणे विचारले, की ज्या विभागाकडून एक रुपयाही उत्पन्न येत नाही, तो चालवायचा कशासाठी? प्रश्न रास्त आहे. हिशेब पाहणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे.

रुग्णालयात समाजसेवक नेमण्याची कल्पना काही नवी नाही. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. मोठ्या शासकीय रुग्णालयांत आज समाजसेवा अधीक्षक असतात. आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना तर त्यांच्यावाचून कायद्याचे पालन करणेही कठीण आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ अअ या कलमाखाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून जी योजना लागू आहे, तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. म्हणजे शंभर खाटांच्या रुग्णालयात वीस खाटा झाल्या. शिवाय इतर रुग्णांच्या एकूण देयकाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवायची. पाच कोटींची देयके झाली, तर दहा लाख रुपये. हा निधी उपचारांसाठी आहे, पगारांसाठी नव्हे, हेही येथेच सांगून ठेवतो. कारण तसे एक सुचवणे माझ्याकडे आले होते.

आता निर्धन कोण आणि दुर्बल कोण, हे ठरवायचे कोणी? उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये अशी ठरलेली आहे. पण माणसाच्या कपाळावर त्याचे उत्पन्न लिहिलेले नसते. चारचाकी गाडी फाटकाबाहेर उभी करून तहसीलदारांचा दाखला पुढे करणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. त्यांच्यासाठी येणारे दूरध्वनीही कोणाचे असतात, हे आपणांस सांगावयास नको. उलट, खरोखर नाडलेला माणूस बहुधा काहीच मागत नाही. तो मंगळसूत्र गहाण ठेवून बिलाच्या खिडकीशी येतो आणि पैसे मोजून निघून जातो. या दोघांतला फरक खिडकीमागे बसलेल्या लिपिकाला कळत नाही. कक्षातील ताई वॉर्डात जाऊन खाटेशेजारी दहा मिनिटे बसतात, तेव्हा तो कळतो.

त्यांच्या सूचनेवरून आम्ही आंतररुग्णांच्या केसपेपरवर एक ओळ वाढवली. नाव, वय, पत्ता, व्यवसाय यांच्या खाली लिहिले आहे : ‘घरी सध्या कोण आहे?’ सुरुवातीला ही ओळ बहुतेक वेळा रिकामीच राहत असे. भरती करून घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती नसती चौकशी वाटे. रुग्णाची लगबग, नातेवाइकांची घालमेल, आणि त्यात हा प्रश्न! आता ती भरली जाते, आणि जे लिहिले जाते ते वाचून माझ्यासारख्या आकडेमोड करणाऱ्या माणसालाही थांबावे लागते. ‘मोठी मुलगी, इयत्ता आठवी, दोन लहान भावंडे.’ ‘आजी, दिसत नाही.’ ‘कोणी नाही, शेजारी लक्ष ठेवतात.’

वडील एका खाटेवर पडतात, आई त्यांच्या उशाशी बसते, आणि घर तेरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर येऊन पडते. ती शाळेतून सुटते ते बरेचदा कायमचीच. मुलगा अकरावी-बारावीत असेल तर गॅरेजवर नाहीतर वीटभट्टीवर लागतो, आणि चार पैसे हातात आल्यावर पुन्हा वर्गात बसत नाही. वडील बरे होऊन घरी जातात. आमच्या नोंदवहीत ‘सुधारणा होऊन घरी पाठविले’ असा शेरा पडतो. त्या आजाराची खरी किंमत मात्र पुढे त्या मुलांकडून वसूल होत राहते.

अशा कुटुंबांसाठी शासनाने काही केलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या या योजनेचे संरक्षण २०२३ च्या निर्णयानुसार पाच लाखांपर्यंत वाढले. आई किंवा वडील वारले असतील अथवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळले असतील, तर मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. तिच्यातून मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. क्षयरोग्यांसाठी निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले आहेत. शाळा व अंगणवाडीतील मुलांची तपासणी करणारी राष्ट्रीय बालस्वास्थ्य पथके आहेत; त्या कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. १० ते १९ वयोगटातील मुलामुलींसाठी शासकीय रुग्णालयांत मैत्री क्लिनिक आहेत. तेथे पाळीच्या तक्रारींपासून व्यसनापर्यंत कशाविषयीही विचारता येते. आपल्या परिसरातील किती पालकांना हे नाव ठाऊक आहे?

अडचण अशी, की ही सारी दारे वेगवेगळ्या इमारतींत आहेत. बालसंगोपनाचा अर्ज महिला व बालविकास कार्यालयाकडे, त्यावरचा आदेश बालकल्याण समितीचा. उत्पन्नाचा दाखला तहसीलला. शिधापत्रिकेवरचे नाव दुरुस्त करायचे तर पुरवठा शाखेत. आधार कार्डावर ‘सुनीता’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘सुनिता’ असे असले, की पुन्हा पहिल्यापासून. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचे एसटीचे भाडे मोजावे लागते. तीन खेपा झाल्या, की ती नाद सोडते. आमच्या ताई करतात काय, तर कोणता कागद आधी, कोणता नंतर, हे एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून देतात, संबंधित कार्यालयात आधी दूरध्वनी करून साहेब जागेवर आहेत की दौऱ्यावर ते विचारतात, आणि मग बाईला पाठवतात. हे काम अत्यंत साधे आहे. तरीही ते दुसरे कोणी करत नाही.

आपल्या मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली. अर्धवट उपचार घेतलेला रुग्ण, महिना भरत आलेली गर्भवती, झटके येणारे मूल, सारे त्या ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि आमच्या लेखी ‘पुन्हा आले नाहीत’ या रकान्यात जमा होतात. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला आणि चौकशी समिती नेमावी लागली, हे आपणांस स्मरत असेल. आमच्या कक्षाने एक छोटी व्यवस्था लावली आहे. टोळी निघण्यापूर्वी अशा रुग्णांना चालू औषधांची आणि पुढील तपासणीची माहिती असलेले एक पत्र दिले जाते आणि ते ज्या कारखान्यावर जाणार, तेथील जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव त्यावर लिहिलेले असते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी २०२१ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या संत भगवानबाबा वसतिगृहांचे अर्जही कक्षात भरून मिळतात. वसतिगृहात जागा मिळालेले मूल फडात जात नाही, एवढे तरी निश्चित.

आता एका अवघड विषयाकडे येतो. रुग्णांची मुले-मुली येथे उपस्थित आहेत याची मला जाणीव आहे; तरी बोलणे भाग आहे. अतिदक्षता विभागात विषप्राशन केलेले तरुण रुग्ण वर्षभर येत असतात. परीक्षेचा निकाल, घरातील भांडण, मोडलेले लग्न, सावकाराचा तगादा, अशी कारणे सांगितली जातात. खरे कारण पुष्कळदा सांगितलेच जात नाही. डॉक्टर आणि परिचारिका त्यांच्यासाठी रात्रीचा दिवस करतात. पोलिसांना खबर जाते. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तो मुलगा ज्या घरातून आला, त्याच घरी परत जातो. नातेवाइकांना घाई असते ती ही गोष्ट झाकण्याची. ‘फवारणी करताना नाकातोंडात गेले’ असे गावात सांगायचे ठरलेले असते.

कायद्याची भीती हे त्यामागचे एक कारण होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असे गृहीत धरले, की अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती, आणि तिला शिक्षा न करता तिची शुश्रूषा करणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले. तरीही लोकांच्या मनातली धास्ती जात नाही. ती समजावून काढायला वेळ द्यावा लागतो.

या संदर्भात एका अभ्यासाचा उल्लेख करतो, कारण तो माझ्यासारख्या खर्चाचा हिशेब मागणाऱ्याला पटणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील रुग्णालयांत आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांचे दोन गट केले; त्या पाच ठिकाणांत आपले चेन्नईही होते. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्याशिवाय घरी जाताना एक तासाचे समुपदेशन आणि पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा दूरध्वनीने किंवा भेटीने विचारपूस, एवढेच अधिक मिळाले. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात त्या काळात २.२ टक्के लोकांनी आत्महत्या केली होती. दुसऱ्या गटात ०.२ टक्के. यंत्र नाही, नवे औषध नाही. एक तास आणि नऊ वेळा केलेली चौकशी.

आमच्या ताई हेच करतात. त्यांच्याकडे एक वही आहे. कोणाला कोणत्या तारखेला दूरध्वनी करायचा ते तीत लिहिलेले असते. वहीतील नावे मी पाहत नाही, विश्वस्तांनीही पाहू नयेत. तो त्या मुलांचा विश्वास आहे. पलीकडून कित्येकदा ‘बरा आहे’ एवढेच उत्तर येते. एका मुलाने मात्र तिसऱ्या वेळी स्वतःहून विचारले, की पुढचा फोन कधी येईल. त्या दिवसांच्या मध्ये कोणाला गरज वाटली तर १४४१६ हा टेलिमानसचा विनामूल्य क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र चालू आहे, आणि संकटातील बालकांसाठी १०९८ आहे. दोन्ही क्रमांक आम्ही केसपेपरच्या मागे छापले आहेत.

देणगीदारांशी मला थोडे मोकळेपणाने बोलू द्या. आपल्या औदार्यावरच ही वास्तू उभी आहे आणि त्याचे ऋण आम्ही विसरू शकत नाही. परंतु इतक्या वर्षांच्या अनुभवातून सांगतो, की देणगी यंत्राला मिळते, खोलीला मिळते, पाण्याच्या कूलरलाही मिळते; माणसाच्या पगाराला मिळत नाही. कारण पगारावर संगमरवरी पाटी लावता येत नाही. या दोघींचे वर्षाचे वेतन एका डायलिसिस यंत्राच्या किमतीच्या आसपास आहे. यंत्र दहा वर्षे दिसते, वेतन दरमहा संपून जाते, हा फरक मला मान्य आहे. म्हणूनच माझी सूचना अशी आहे, की दर वर्षी हात पसरण्यापेक्षा या कक्षासाठी स्वतंत्र कायम निधी उभारावा आणि त्याच्या व्याजातून वेतन भागवावे. निधी पुरेसा होईपर्यंतची तूट पहिली तीन वर्षे सर्वसाधारण निधीतून सोसावी. तसा तक्ता मी विषयपत्रिकेसोबत जोडला आहे. त्यातील व्याजाचा दर मुद्दाम कमी धरला आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांना एक विनंती. समाजसेवा कक्ष तळमजल्यावर, केसपेपरच्या खिडकीच्या डाव्या हाताला आहे. बिल भरण्याच्या दिवशी येऊ नका. भरती झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी या. येताना शिधापत्रिका, आधार कार्ड आणि मुलांच्या शाळेचे दाखले आणा. यांतले काही हाताशी नसेल, तर तसेच या.

सहाव्या विषयावर मतदान चहापानानंतर होईल. तोपर्यंत तक्त्याविषयी कोणाला काही विचारावयाचे असल्यास मी येथेच आहे.