पेंग्विनची भूक आणि घाटंजीचा पाऊस

यवतमाळ जिल्ह्यांतील घाटंजी हें गांव समुद्रापासून शेंकडों मैल दूर आहे. काळी जमीन, कापसाचीं व तुरीचीं शेतें आणि वाघाडी नदी हें तेथील जग. अशा गांवाशीं दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील पेंग्विन पक्ष्याचा संबंध काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. संबंध आहे, आणि तो अन्नाचा आहे. तो समजण्यासाठीं हा पक्षी आपलें अन्न कसें मिळवितो तें आधीं पाहिलें पाहिजे.

नदीच्या डोहांत बुडी मारणारा पाणकावळा विदर्भांत सर्वांच्या परिचयाचा आहे. तो पायांनीं पाणी रेटीत माशाचा पाठलाग करतो आणि मग खुंटावर बसून भिजलेले पंख उन्हांत वाळवितो. पेंग्विन याच धंद्यांतला. परंतु त्यानें उडणें कायमचें सोडून पंखांचीं वल्हीं केलीं आहेत. त्याचीं दाट पिसें पाणी अंगाशीं पोंचूं देत नाहींत. डोळ्याचा दर्शनी भाग चपटा असल्यामुळें पाण्यांत शिरल्यावरहि त्यास स्पष्ट दिसतें. जिभेवर मागें वळलेले कांटे असतात. त्यांत अडकलेला निसरडा मासा सहसा सुटत नाहीं.

मुंबईच्या राणीच्या बागेंत २०१६ सालीं आणलेले पेंग्विन हंबोल्ट जातीचे होते. तेथें त्यांस मासे माणसांच्या हातून मिळतात. त्यांचे स्वतंत्र भाऊबंद पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहतात. वीतभरहि लांब नसलेला, प्रचंड थव्यांनीं फिरणारा अँकोव्हेटा हा त्यांच्या मुख्य भक्ष्यांपैकीं एक. शिकार दृष्टीवर चालते, म्हणून ती बहुतांशीं दिवसा होते, आणि बहुतेक बुड्या शंभर फुटांच्या आंतच असतात.

परंतु पाण्यांत कितीहि चांगली दृष्टि असली तरी ती दूरवर पोंचत नाहीं. एवढ्या विस्तीर्ण समुद्रांत मासे नेमके कोठें आहेत हें कसें कळावें? येथें इतर खुणा कामीं येतात. समुद्रांतील सूक्ष्म वनस्पतींवर बारीक जीव चरूं लागले कीं एक विशिष्ट वास सुटतो. हंबोल्टचा निकटचा आप्त जो आफ्रिकी पेंग्विन, तो या वासाकडे ओढला जातो असें प्रयोगांत दिसून आलें आहे. जेथें चराऊ रान तेथें मासे, हा त्या वासाचा अर्थ. मासे सांपडल्यावर हेच आफ्रिकी पेंग्विन पुष्कळदां जमावानें काम करतात. थव्यास घेरून त्याचा गोळा करतात, तो पृष्ठभागाकडे रेटतात आणि खालून झडप घालतात.

या सर्व खुणा खऱ्या ठरतात, कारण समुद्राचा एक क्रम ठरलेला आहे. पेरूच्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून वारे वाहतात. त्यांमुळें वरचें पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलें जातें आणि त्याच्या जागीं तळाचें थंड, पोषक पाणी वर येतें. त्यावर वनस्पति, वनस्पतींवर बारीक जीव आणि त्यांवर मासे पोसले जातात. पिलें लहान असतांना पेंग्विनला फार दूर जातां येत नाहीं. त्याचा बहुतेक शोध घरट्यापासून सुमारें वीस मैलांच्या आंत चालतो. या वीस मैलांत मासा असला तर पिलूं जगतें. नसला तर घरटें ओस पडतें.

हा क्रम कांहीं वर्षांनीं बिघडतो. प्रशांत महासागराचें वरचें पाणी तापतें, पोषक पाणी वर येईनासें होतें आणि मासे खोल वा दूर निघून जातात. यासच एल निनो म्हणतात. १९८२-८३ च्या एल निनोंत पेरूमधील हंबोल्ट पेंग्विनांची संख्या सुमारें ६५ टक्क्यांनीं घटली. त्यापूर्वी १९७० सालीं पेरूच्या कोळ्यांनीं एक कोटि वीस लक्ष टनांहून अधिक अँकोव्हेटा उपसला होता. अतिरेकी मासेमारीवर १९७२ चा एल निनो कोसळला आणि १९७३ सालीं ती पकड वीस लक्ष टनांच्याहि खालीं आली.

१९७२ हें साल महाराष्ट्रांत कोणास सांगावें लागत नाहीं. तें दुष्काळाचें साल. हा निव्वळ योगायोग नव्हे. हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं येथील पावसाचा अंदाज बांधण्याच्या खटपटींत प्रशांत व हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोपाळा शोधून काढला. एल निनो हें त्याच झोपाळ्याचें दुसरें अंग होय. प्रत्येक एल निनो दुष्काळ आणतोच असें नाहीं. १९९७ सालीं तो प्रबळ असूनहि आपल्याकडे पाऊस बरा झाला. तथापि २०२३ सालीं तो पुन्हां आला, आणि त्या वर्षींचा ऑगस्ट देशांत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. पेरूच्या बेटावर पिलूं उपाशी आणि घाटंजीच्या शेतांत कापसाची बोंडें सुकलेलीं, या दोहोंचें मूळ अशा वर्षीं एकच असूं शकतें.

भेद आहे तो एवढाच कीं, शेतकऱ्यास वेधशाळा आगाऊ इशारा देऊं शकते. पेंग्विनला देणारें कोणी नाहीं. तो जुन्या खुणांवर विसंबून त्याच पाण्यांत पुनःपुन्हां बुड्या मारतो. त्याच्यासाठीं करण्यासारखें एकच उरतें, तें म्हणजे वाईट वर्षीं माणसानें जाळें आंवरणें. २०२३ सालीं पेरूनें आपल्या मुख्य मासेमारी क्षेत्रांतील अँकोव्हेटाचा पहिला हंगाम रद्द केला. लहान मासे वाढावेत हा त्यामागील हेतु. परंतु समुद्रांत राहिलेला प्रत्येक थवा पेंग्विनच्याहि वाट्याचा असतो. दुष्काळांत बियाण्याचें धान्य खाऊं नये हें घाटंजीच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. समुद्राच्या बाबतींत हा धडा माणूस आतां कोठें गिरवूं लागला आहे.