ओढ्यावरचे मातीचे धरण

धरण म्हटले की भाक्रा किंवा कोयना डोळ्यांपुढे उभी राहते. प्रचंड भिंत, तिच्यामागे पसरलेला अथांग जलाशय, वीजगृह आणि कालवे असे ते भव्य चित्र असते. परंतु धरणांची एक दुसरीही जात आहे. ते दोन-चार मजली घराएवढे उंच, मातीचे आणि गवताने झाकलेले असते. त्याची वीज नाही, कालवा नाही. वर्षातले बहुतेक दिवस त्याच्या पोटात थोडेसेच पाणी असते. आणि हा रिकामेपणा हाच त्याचा खरा उपयोग होय. ओढ्याला अकस्मात लोंढा आला म्हणजे त्याला काही काळ थोपवून धरावयाचे आणि मग सावकाश वाट करून द्यावयाची, एवढेच त्याचे काम.

या धरणांचा इतिहास पाहावयाचा तर अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात जावे लागते. त्या राज्याच्या पश्चिम भागातून वॉशिटा नदी वाहते. तेथील मूळची गवताळ जमीन वसाहतवाल्यांनी नांगरून काढली आणि तिच्यावर गहू व कापूस घेतला. गवत गेले तशी पाणी जिरविण्याची भूमीची शक्तीही गेली. कोरड्या वर्षी माती वाऱ्यावर उडाली, तर पावसाच्या वर्षी ती पाण्याबरोबर वाहून गेली. १९३४ च्या एप्रिल महिन्यात, ३ आणि ४ तारखांच्या दरम्यानच्या रात्री, या खोऱ्याच्या वरच्या अंगाला मुसळधार पाऊस कोसळला. हॅमन गावाच्या परिसरात नदीने सतरा माणसांचे बळी घेतले.

पुढल्याच वर्षी अमेरिकन सरकारचे मृदसंधारण खाते स्थापन झाले आणि ह्यू हॅमंड बेनेट हे त्याचे पहिले प्रमुख झाले. पूर नदीत दिसतो खरा, परंतु तो जन्मतो शेतात व ओढ्यात, अशी या खात्याची विचारसरणी होती. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने अकरा नद्यांच्या पाणलोट क्षेत्रांत हा विचार अमलात आणण्यास संमती मिळाली. वॉशिटा त्यांपैकी एक होती. १९४८ च्या जुलै महिन्यात कॉर्डेल गावाजवळ क्लाउड क्रीक या ओढ्यावर अशा प्रकारचे पहिले धरण पुरे झाले. १९५४ च्या कायद्याने ही योजना देशभर पसरली आणि पुढील दशकांत अशी अकरा हजारांहून अधिक धरणे उभी राहिली. त्यांतील दोन हजारांवर एकट्या ओक्लाहोमात आहेत.

या धरणाची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली असते. प्रथम पाया खणून त्यात चिकणमाती भरतात, म्हणजे पाणी तळातून झिरपत नाही. मग मातीचे थरावर थर पसरून, ओलावा राखून, प्रत्येक थर दाबून घट्ट करतात. भरावाच्या पाण्याकडील अंगाला विहिरीसारखा एक उभा चौकोनी मनोरा असतो. त्याच्या तोंडाखालचा साठा वर्षानुवर्षे येणाऱ्या गाळासाठी राखलेला असतो. पूर आला की पाणी या तोंडात उतरते आणि भरावाखालच्या नळातून पलीकडे जाते. येथे दरवाजा नाही आणि तो उघडण्यासाठी माणूसही नाही. नळ जेवढा रुंद, तेवढेच पाणी बाहेर पडणार. एका रात्रीत आलेला लोंढा असा आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. त्याहून मोठा पूर आला तर भरावाच्या बगलेला मूळ जमिनीत काढलेला, गवताने बांधलेला सांडवा त्याला वाट देतो. हा सांडवा म्हणजे धरणाचा प्राण. कारण दगडी भिंतीवरून पाणी वाहिले तरी ती बहुधा टिकते. मातीच्या माथ्यावरून ते वाहू लागले तर काही तासांत भराव कापला जातो.

या उपायाला मर्यादाही आहेत. ल्यूना लिओपोल्ड आणि थॉमस मॅडॉक या जलतज्ज्ञांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मोठी धरणे विरुद्ध छोटी धरणे या वादाचा परामर्श घेतला आहे. ओढ्यावरचे धरण ओढ्याकाठच्या शेताला वाचविते. परंतु शेकडो मैल खाली, मोठ्या नदीच्या महापुरात त्याचा प्रभाव विरून जातो. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

तथापि खरी कसोटी पुढेच आहे. यांपैकी बहुतेक धरणांचे आयुष्य पन्नास वर्षांचे धरले होते. ती मुदत १९९८ पासून एकेकाची संपू लागली. गाळाची जागा भरत आली आणि नळ गंजले. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, जी धरणे केवळ शेतजमीन राखण्यासाठी, त्या मानानेच बेताच्या मापाने बांधली होती, त्यांच्या खाली पुढे घरे आली. पूर येत नाही म्हणून लोक तेथे राहावयास आले, आणि पूर का येत नाही हे मात्र विसरले. अखेर २००० साली या जुन्या धरणांच्या पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

मातीच्या भरावाचा धाक महाराष्ट्राला परका नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्याची पेठच्या पेठ पाण्याखाली गेली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील छोटे मातीचे धरण फुटून खालची वस्ती वाहून गेली. ही धरणे पूरनियंत्रणासाठी नव्हती. पण माती सर्वत्र सारखीच. घुशीचे बीळ, भरावावर रुजलेल्या झाडाचे मूळ, नळालगतची ओल, सांडव्यात साचलेला राडा या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीच तिच्या शत्रू होत.

मोठ्या धरणाला पहारा असतो. छोट्या धरणाला बहुधा फक्त शेजारी असतात. पावसाळ्यापूर्वी भरावावरून एक फेरी मारणारा, ओल दिसली तर वेळीच बोंब ठोकणारा आणि सांडव्यात घर बांधू न देणारा गाव हाच त्याचा खरा रक्षक. वर्षभर रिकाम्या दिसणाऱ्या त्या धरणाची आठवण जेथे कोरड्या दिवसांतही राहते, तेथेच ते पुराच्या रात्री उपयोगी पडते.